काटा शून्याखाली जाताना

सोचा नदीच्या काठी, तोल्मिनच्या गवती धावपट्टीवर
ग्लायडर टेकवून ल्यूबान गेला तो थेट खानावळीत.
"आज कर्नचं शिखर माझ्या पंखांखाली होतं," म्हणाला,
आणि झाडून सगळ्यांना पेले पाजले. उधारीवर.

उंचीमापक आठवडाभर बंद.
चालू होता फक्त व्हेरिओमीटर.
तो उंची सांगत नाही;
किती वेगानं चढताय, किती वेगानं उतरताय,
एवढंच त्याला ठाऊक.
त्याची लेखणी सरकत्या चौकटीच्या कागदावर
दुपारभर रेघ ओढत बसली होती.

ती पट्टी त्यानं कारखान्यात आणून आपटली.
झ्वोंकामावशी गिअरमध्ये कोपरापर्यंत;
मी स्टुलावर, मांडीवर विकलजांची वही,
दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि डोक्यात भुसा.

"ही बघ!" रेघेच्या सर्वात उंच टोकावर बोट.
"सेकंदाला पाच मीटर! इथे मी शिखराच्या वर होतो."

मावशीनं हात पुसले. घाई नाही.
"इथे तू सर्वात जोरात चढत होतास, बाबा.
सर्वात उंच नव्हतास.
जिना धावत चढणारा माणूस
मधल्या पायऱ्यांवर असतो, गच्चीवर नाही."

मग तिचं काळं नख रेघेवरून चाललं.
"इथून रेघ उतरतेय. तू उतरतोयस का, ब्रिना?"
मी म्हटलं, हो.
"नाही. अजून शून्याच्या वर आहे ना?
चढतोयच. नुसता दमलाय."

इथे रेघ शून्याखाली बुडाली: चार चौकोन गमावले.
इथे पुन्हा वर आली, म्हणजे खळगा संपला,
त्याच्या तळाशी क्षणभर ना चढ ना उतार.
पुढे एका जागी रेघ शून्याला नुसती शिवली
आणि परत वर गेली.
"शिखर?" मी विचारलं.
"छे. उंबऱ्यावर थबकला, आणि पुन्हा वरच निघाला."

आणि मग शेवटी, पट्टीच्या उजवीकडे,
जिथे काही घडल्यासारखं दिसतच नव्हतं,
रेघ आळसावून शून्य ओलांडत होती, वरून खाली.
"हे तुझं शिखर. तेव्हा काय करत होतास?"
ल्यूबाननं डोकं खाजवलं.
"सँडविच सोडत होतो बहुतेक."

आम्ही चौकोन मोजले, दोघींनी, पेन्सिलीनं.
एक चौकोन म्हणजे एक मिनिट, सेकंदाला एक मीटर:
साठ मीटर.
शून्याच्या वर एकोणतीस, खाली चार.
उरले पंचवीस. पंचवीस साठे पंधराशे.
ल्यूबानचा चेहरा पडला.
"कर्न बावीसशे चव्वेचाळीस."

"पंधराशे हा चढ," मावशी म्हणाली, "उंची नव्हे.
दोर सुटला तेव्हा किती उंचीवर होतास?
ते या पट्टीत नाही. कधीच नसतं.
तिच्या लेखी तू समुद्रातून उडालास काय
आणि चंद्रावरून उडालास काय, रेघ हीच."

माझ्या वहीत प्रत्येक उत्तराच्या शेवटी
लाल शाईत बाईंनी लिहिलेलं 'अधिक क'.
वर्षभर मला ते
शेपटीला बांधलेल्या डब्यासारखं वाटायचं.

बोलावलं बोगोमिरला, ओढणाऱ्या विमानाचा वैमानिक.
तो आलुबुखार चघळत आला.
"दोर कधी सोडला? सातशेवर असेल.
किंवा आठशे. ऊन डोळ्यांवर येत होतं."

सातशे, तर शिखर वर, ल्यूबान खाली.
आठशे, तर ल्यूबान वर, छप्पन्न मीटरनं.
कारखान्यात थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

"म्हणजे मी खोटं बोललो की नाही?"
"पंधराशे तुझे," मावशी पुन्हा गिअरकडे वळत म्हणाली,
"बाकीचे बोगोमिरचे. त्याच्याशी भांड."

खानावळवाल्याच्या पाटीवर मात्र अकरा पेले.
तिथे वाद नव्हता:
ती पाटी त्या संध्याकाळी
सर्वांसमोर पुसून कोरी केलेली होती.