सावली ओढणारा

हाद्रुमेतमच्या गोदीत मी शिडं बांधायचो.
खेळ लागले की नगरपालांचा माणूस यायचा
आणि आम्हा चाळीस खलाशांना
रिंगणाच्या माथ्यावर चढवायचा.
खाली वाळू, वर ऊन,
मधे आम्ही ताणलेलं कापड.

बाप्तिस्म्यासाठी नाव द्यायला गेलो तेव्हा
रोगातियन म्हाताऱ्यानं विचारलं,
"इद्दिबाल, पोटासाठी काय करतोस?"
दारातल्या बायकांनी माझे हात पाहिले.
म्हणालो, "सावली ओढतो."
"कुणाच्या डोक्यावर?"

म्हणालो, बाबा, मी खाली बघत नाही.
दोर ओढताना माझं तोंड समुद्राकडे असतं,
रिंगणाकडे पाठ.
खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.
कापडच सांगायचं सगळं.
बारा हजार माणसं एकदम ओरडली
की त्यांच्या तोंडची वाफ वर येते,
कापड पोटुशीसारखं फुगतं,
दोराला हिसका बसतो.
माणूस पडला की एक हिसका,
अस्वल पडलं की जरा मोठा.
आणि शेवटच्या घावाआधी
कापड नुसतं लोंबतं,
साऱ्या गावानं श्वास धरल्यासारखं.
कोण गेलं ते मला तळव्यांनी कळायचं.

रोगातियन बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "उन्हात बसले असते
तर निम्मे दुपारीच घरी गेले असते, पोरा."

एवढंच.
त्या रात्री अरिशतनं भाकरी वाढली
आणि मी ताटात बघत बसलो.
खांबावरच्या माणसाला दिवसाचे चार दिनार मिळतात,
जाळी विणणाऱ्याला अर्धासुद्धा नाही.
"बघ बाई," म्हटलं, "उपास पडतील."
ती म्हणाली, "पडतात ते आताही,
फक्त तुझ्या झोपेला."

दोर सोडला.
मंडळीच्या पेटाऱ्यातून महिन्याला
सातूची सहा मापं मिळू लागली.
दोनाता मोजून घालते, माप वर काठोकाठ,
मग तळहातानं थोडं आणखी.
तिचा भाऊ त्याच वाळूत गेला.
कुठल्या दिवशी, ते तिनं एकदा सांगितलं
आणि मी मनात हिशेब केला.
उत्तरेच्या दोरावर होतो मी तेव्हा.
तिला बोललो नाही.
सातू घेतो, मान खाली घालतो, येतो.

रोगातियनही काही दगडाचा नाही.
तरणा असताना शर्यतीच्या रथांपायी
त्यानं म्हणे बापाचं जैतुनाचं बन गहाण टाकलं होतं.
परवा स्तोत्र चाललं असताना
गल्लीतून पोरं ओरडत गेली, "हिरवे जिंकले, हिरवे!"
त्याचा आवाज हलला नाही.
पण पायाचा अंगठा चपलेत दोनदा वाजला.
मी पाहिलं. त्यानंही पाहिलं मी पाहिलेलं.
नंतर बाहेर येऊन म्हणाला,
"सैतान दारातून जातो, इद्दिबाल,
पण उंबऱ्याला त्याचा वास राहतो,"
आणि हसला, तीन दातांनी.

आज खेळांचा दिवस.
आम्ही सगळे दोनाताच्या मागल्या खोलीत,
खिडकीला गोणपाट लावून.
बाहेर गल्ल्या ओस, कुत्रीसुद्धा तिकडेच गेलेली.
मधेच ती गर्जना येते, भिंतीवरून,
छपरावरून, पाण्याच्या घागरीत थरथरत.
प्रार्थना करणारे शब्दाच्या मधोमध थांबतात
आणि पुन्हा तिथूनच उचलतात.
दोनाता थांबत नाही.

मी हात पसरून उभा आहे सगळ्यांसारखा.
माझी बोटं मात्र पुरती उघडत नाहीत,
वीस वर्षं दोर धरून
गाठाळलेली, अर्धी मिटलेली.
देवाला चालतं, रोगातियन म्हणतो.

गोणपाट आत फुगलं.
पुन्हा फुगलं.
सगळ्यांचे डोळे मिटलेले,
आणि माझ्या तळव्यांना कळलं,
वारा फिरलाय,
पश्चिमेचा दोर कुणीतरी आता ढिला सोडायला हवा,
नाहीतर खांबावरचं ते नवं पोर,
त्याला कुणी सांगितलंय का, तसं तर होणार नाही ना