अतिप्रदान

पाकीट खाकी. तिकिटाच्या जागी शिक्का.
आत माझं नाव: कु. नलिनी दत्तात्रय खळदकर.
अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कुमारी म्हणतं
ते फक्त कोषागार.

विषय: कुटुंब निवृत्तिवेतनाचे अतिप्रदान व त्याची वसुली.
एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे साठ.
अतिप्रदान.
आयुष्यात मला कुणी काही अति दिल्याचं
हे पहिलंच लेखी.

अण्णा मोजणी खात्यात होते.
बांधावर साखळी ताणून धरायचे,
एक कडी इकडे नाही, एक तिकडे नाही.
ज्याची जमीन मोजायची त्याच्या घरचं पाणीही नको,
म्हणून फिरकीचा तांब्या स्वतःचा.
अण्णा गेले, मग आई गेली, आणि त्यांचं पेन्शन
माझ्याकडे आलं. अविवाहित, अवलंबून, म्हणून.
दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन जिवंत असल्याचं सांगायचं.
त्याच कागदावर, खाली, बारीक अक्षरात:
'मला अन्य कोणतेही उत्पन्न नाही.'
सही.
सहा नोव्हेंबर, सहा सह्या.

आणि रफू?
त्याला मी उत्पन्न म्हणतच नव्हते.
कॅम्पातल्या लालवाणींकडून मंगळवारी गठ्ठा यायचा:
सिगारेटनं भोक पाडलेले कोट, कसर लागलेल्या शाली,
एका कर्नलसाहेबांची तीच ती पॅन्ट.
त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा उपसायचा,
उभ्याला उभा, आडव्याला आडवा,
मग खिडकीशी धरून पाहायचं.
रफूचं एकच आहे, दिसलं की बिघडलं.
पैसेही तसेच, कणकेच्या डब्यामागे,
कुणाला दिसत नव्हते. मलाही फारसे नाहीत:
गॅस, चष्म्याची काच, विजेचं बिल.

मग लालवाणींचा हितेश म्हणाला,
मावशी, आता सगळं व्हाइटमध्ये. पॅन नंबर द्या.
दिला.

पद्मावतीहून पीएमटीनं स्टेशन, पुढे चालत.
वाटेत चार सबबी तयार केल्या.
माहीत नव्हतं. (माहीत होतं.)
फॉर्म दुसऱ्यानं भरला. (अक्षर माझं.)
सगळेच करतात. ही अण्णांनी ऐकली असती
तर साखळी गोळा करून उठून गेले असते.
चौथी खरी होती, म्हणून तीच बोलवेना:
तेवढ्यात भागत नव्हतं.

टेबलावर पाटी, त. इ. शिकलगार. तिशीतली मुलगी.
फाइल उघडली. सह्या एकाखाली एक,
दरवर्षी थोड्या जास्त थरथरत्या.
'या तुमच्याच?'
माझ्याच, म्हटलं. कामही मीच केलं.
सबबी पिशवीत तशाच राहिल्या, डब्याशेजारी.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं,
रडता तरी आलं असतं.
म्हणाली, अर्ज करा, हप्ते मागा.
पाचशेचे मागू नका, परत येतो अर्ज. तीन हजारांचे मागा.

एकसष्ट हप्ते, आणि वर चारशे साठ.
बोटांवर मोजलं. त्रेसष्टावं लागलेलं असेल.
म्हणजे तोवर जगायला हवं.
दाखल्यापुरतं नाही, फेडीपुरतं.

उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलं: रफूकाम,
दरमहा अंदाजे...
'अंदाजे' खोडलं.
म्हटलं, वही घरी आहे. बेरीज करून उद्या आणते,
एक कडी इकडे नाही, एक तिकडे नाही.
तिला काही कळलं नाही. तिनं मान हलवली.

उठताना तिचा आवाज खाली आला:
'मावशी, आमच्या यांच्या ब्लेझरला इस्त्री लागलीय.
लग्नातला आहे. होईल का?'
कापड बघून सांगते.
'आणि पैसे?'
पावतीवर असतील.

बाहेर पडून स्टेशनरीच्या दुकानात शिरले,
कार्बनसकट पावतीपुस्तक घेतलं. पंचेचाळीस रुपये.
दुकानदारानं सुटे दिले, पावती दिली नाही.
मी तिथेच उभी राहिले
आणि मागितली.