सॅलो

मार्चातला मंगळवार. पॅरेट नदीकाठचा दवाखाना.
डॉक्टरनं थर्झा पॉकॉकची खालची पापणी ओढून पाहिली
आणि कार्डावर एकच शब्द लिहिला: सॅलो.

तिनं तो टेबलापलीकडून उलटा वाचला.
पन्नास वर्षं टोपल्या विणलेली बाई,
चवताळलीच. ‘झाडच म्हणायचं होतं
तर विदी तरी म्हणायचं,
वळवावी तशी वळते. सॅलो?
वाकवलं की कडाड मोडतं,
टोपलीच्या कानालासुद्धा चालत नाही.
डबक्याच्या कडेला आपसूक उगवतं,
कुणी लावत नाही.’

डॉक्टर नवा, लीड्सकडचा.
त्याला रंग म्हणायचा होता, कातडीचा.
यकृत कुरकुरायला लागलं की येतो तो,
जुन्या मेणासारखा,
पिवळा म्हणावा तर पिवळाही नाही धड.

रात्री जेथ्रोनं, तिच्या भाच्यानं, शब्दकोश उघडला.
सॅलो दोनदा होता.
डोक्यावर बारीक एक, बारीक दोन,
वर्गात एकाच नावाच्या दोन पोरांना देतात तसे.
एकाचं गोत लॅटिनपर्यंत,
तिथं या झाडाला सॅलिक्स म्हणत.
दुसऱ्याचे भाऊबंद जुन्या जर्मनीत, मळकट करडे,
आणि फ्रेंच घराण्यात तर अर्थ नुसताच ‘घाण’.

‘नातं?’
‘नाही. हे शेवटी घोगरा ह लावायचं, ते उ.
हजार वर्षं तोंडात घोळून
दोघांचीही टोकं झिजली.’
‘म्हणजे आडनावबंधू,’ ती म्हणाली,
आणि ओल्या काड्यांवरचं पोतं सारखं करून
झोपायला गेली.

झावळ्यांचा रविवार आला.
या गावात झावळ्या कुठल्या?
पोरं डबक्यावरून सॅलोच्याच डहाळ्या मोडून नेतात,
एका सकाळपुरतं त्यालाच खजूर म्हणतात.
थर्झाही गेली, देवळात नाही, डबक्याकडे.
चपला चिखलात रुतलेल्या, वर मधमाश्यांचा कल्ला,
फांदी खाली ओढली तशी
लव फुटलेल्या तुऱ्यांतून पिवळी भुकटी
बाहीवर, मनगटावर, गालावर.

जेथ्रो औषधाची बाटली घेऊन शोधत आला.
म्हणाला, ‘मावशी, तोंड पूस. पिवळं झालंय.’

तिनं पदर नव्हे, एप्रनचं टोक उचललं,
गालाजवळ नेऊन थांबली.
‘कुठला पुसू?’ तिनं विचारलं,
‘एक नंबरचा की दोन?’