पाचवी खूण

दोनच तारा असतात, सिग्ने, सगळी भानगड दोन तारांची.
एक सांगाड्याच्या लोखंडाला,
दुसरी इंजिनाच्या मेंदूकडे.
मधे हे गोल बटण, आणि त्याच्या पोटात
गव्हाच्या दाण्याएवढे रोधक, एकाला एक खेटून.
फिरवलं की अडथळा बदलतो,
अडथळ्यावरून मेंदू ओळखतो
आज मागे ओझं आहे, की रस्ता मोकळा आहे,
की म्हातारा आज खुशीत आहे.

तू म्हणतेस, बाबांचं बटण माझ्या ट्रकला लाव.
लागेल. भोकात बसेल. नटसुद्धा तोच.
पण बोलणं व्हायचं नाही.
त्यांचा ट्रक चारचा, तुझा बाराचा,
एका कारखान्यातले, चुलतभाऊ म्हण हवं तर,
तरी याची तिसरी खूण त्याला दुसरी ऐकू येईल
आणि चौथीला तो नुसता बघत राहील,
लग्नात परक्या गावचा पाहुणा बघतो तसा.
मीटर लावून दाखवतो. हे बघ. आकडे जुळत नाहीत.

बाहेर उणे एकतीस आहे, दार लोटून घे.

ही पट्टी अर्विडच्या हातची.
एक : घर. दोन : गुरांचा ट्रेलर.
तीन : माइनॉटचा रस्ता.
चार : मार्लिसला सांगू नये.
पाचव्या खुणेपुढे काही नाही लिहिलं.
ती चोरांसाठी होती,
पाचवर ठेवलं की किल्ली फिरते, इंजिन धापा टाकतं, पेटत नाही.
तेवढं मीच घालून दिलं होतं त्याला.

ही तिसरी मात्र मी घातली नाही.

थांब, बॅटरी धर. बघ, सिग्नलच्या तारेला जोड दिलाय,
इथून गालिच्याखाली, हीटरच्या नळीला लागून,
शेजारच्या सीटच्या खाली, आणि तिथे
नखाएवढी कळ. उघड-बंद, एवढीच.
दाबली की बटण कुठल्याही खुणेवर असो,
मेंदूला पाचच दिसणार.

आणि हा डाग बघ, झाळलेला.
अर्विड झाळायचा तेव्हा चिखल थापल्यासारखा.
हा थेंब आहे. गुळगुळीत, काठ बसलेला.
तुझी आई अकरा वर्षं ग्रँड फोर्क्सला
ट्रॅक्टरच्या मीटरच्या पट्ट्या झाळत होती ना?

नऊ हिवाळे, सिग्ने.
नऊ हिवाळे तो हा ट्रक ओढून आणायचा माझ्याकडे.
रात्री पेटत नाही, सकाळी पेटतो, म्हणायचा.
मी ग्लो प्लग बदलले. बॅटऱ्या बदलल्या, दोन्ही.
डिझेल गोठतंय म्हणालो, गाळणीला हीटर बसवला.
तो उभ्याउभ्या कॉफी प्यायचा आणि शिव्या द्यायचा,
तेलविहिरीवरून फोन येतात, पाण्याची टाकी न्यायची असते,
आणि नेमका वादळाच्या रात्री हा गाढव अडून बसतो.
मार्लिस शेजारच्या सीटवर असायची.
हातमोजे काढत नसे. हवेबद्दल बोलायची.

वादळाच्याच रात्री, बिलं आहेत माझ्याकडे.
एकदा फक्त जूनमध्ये.
जूनचं मला माहीत नाही.

तू हसशील असं वाटलं होतं.
तू कळ दाबलीस, सोडलीस, दाबलीस,
टक्, टक्, आणि बराच वेळ
गॅरेजात फक्त हीटरचा आवाज होता.

मग म्हणालीस, बटण राहू दे. ही कळ लाव माझ्या ट्रकला.
ही चालेल ना?

चालेल. हिला बोलीभाषा नाही.
हो किंवा नाही, एवढंच तिला येतं,
ते कुठल्याही सालच्या मेंदूला कळतं.

मजुरी सांगितली तुला. त्यातून
जुन्या ग्लो प्लगांचे पैसे वजा केले, सगळे नाही.
आणि भोक पाडण्याआधी विचारलं,
कुठल्या सीटखाली?

ड्रायव्हरच्या, तू म्हणालीस.
त्या ट्रकमध्ये मी एकटीच असते.