पाकळी, तुकडा, कणी

वेंगुर्ल्याच्या कारखान्यात
अठरा वर्षं मी काजू निवडते.
एकशे ऐंशी, दोनशे चाळीस, तीनशे वीस.
आकडा जितका मोठा, दाणा तितका बारीक.
बाहेरच्यांना हे उलटं वाटतं.

आता घरी दुसरी प्रतवारी.
खोक्याचं झाकण फाडून
त्यावर सुहासने स्केचपेनने लिहून दिलंय:
चाळीस, आठ दिवस. तीस, आठ दिवस. वीस.
मग पंधरा, दहा, साडेसात, पाच,
आणि पाचच्या पुढे
डॉक्टरांनी पेन उचललं होतं.
"मग बघू," म्हणाले.

शिमग्याच्या आधी उधाण आलं होतं अंगात.
मनगटांत भट्टीतल्या बियांसारखी तडतड.
नळ फिरेना. तांब्या दोन कोपरांत धरून पाणी प्याले.
सुहासने माझे केस बांधले,
होडीच्या दोराला मारतात ती गाठ मारून;
सोडवायला त्यालाच अर्धा तास लागला.
हसलो दोघं. हसताना जबडा दुखला.

मग पहिल्या दोन गोळ्या,
आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला
मी डबे घासत होते. सगळे.
ज्यांत काही नव्हतं तेसुद्धा.
भूक अशी, की रात्रीची पेज, वर सुका बांगडा,
आणि पुन्हा टोपाचं झाकण उघडून बघायचं.
चेहरा गोल झाला.
बाजारात शेवंता गिरप म्हणाली,
"बरी सुटलंस गो, घोव बरो खावक घालता वाटता!"
तिला काय सांगू,
हा चेहरा मापून दिलाय, मापूनच परत नेणार.

एकदम बंद केलीत तर पडाल, डॉक्टर शिरसाटांनी बजावलं.
मूत्रपिंडावर टोपीएवढी ग्रंथी असते,
बाहेरून आयतं मिळतंय म्हणून ती निजलीय.
मला थोरले दीर आठवले.
मुंबईहून मनिऑर्डर येत होती तोवर
त्यांनी कोयता हातात धरला नव्हता.

साडेसात म्हणजे एक अख्खी, एक पाकळी.
काजूला देवाने शिवण ठेवलीय,
नखाने दाबला की दोन सारख्या पाकळ्या.
गोळीलाही रेघ असते. अठरा वर्षांचा हात माझा.
तरी परवा ती फुटली:
एक पाकळी, एक तुकडा, उरली ती कणी.
कारखान्यात कणीला भाव सगळ्यात कमी.
मी बोट ओलं करून ताटलीतली कणी टिपली,
जिभेवर ठेवली. कडू जहर.

पाचवर आले त्या सकाळी
अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी हललं.
दुखणं परत येतंय,
का गोळी जाताना दार आपटतेय?
खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं
तर पाणी येतंय का जातंय, थोडा वेळ कळत नाही.
तरंगणाऱ्या सोडणाकडे बघत राहावं लागतं.
मी अंगठ्याकडे बघत बसले. दहा वाजले.
फोन केला. "साडेसातवर जा पुन्हा,
पंधरा दिवस तिथेच थांबा."
सुहासने पुठ्ठ्यावर काही खोडलं नाही.
बाजूला एक बाण काढला, वर जाणारा.

काल शेवंता आली, खांदा धरून.
"तुझ्या त्या धव्या गोळयांतली एक दी गो माका,
रातभर खांदो ठणकता."
डब्यात अकरा होत्या. मोजलेल्या.
मी चहा टाकला,
खोबरेल कोमट करून तिच्या खांद्याला लावलं,
आणि सावंतवाडीची एस्टी किती वाजता सुटते ते सांगितलं.
अर्धा चहा ठेवून ती उठली.

आज कामावर गेले.
दोनशे चाळीस, तीनशे वीस, ही पाकळी, हा तुकडा.
बोटं पुढे जातात, अंगठा मागे राहतो.
मी त्याच्यासाठी थांबते.
समोरच्या टेबलावर शेवंता,
एका हाताने खांदा दाबत, एका हाताने निवडत.
अजून बोलत नाही.