टाचणीएवढं भोक

निपाणीत, जुन्या वखारीच्या माडीवर
एक संगणक आहे. म्हणजे टेबल अडवून आहे.
बटण दाबलं की पंखा घरघरतो,
एकदा 'टूं' होतं,
आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटते:
बूट डिव्हाइस सापडत नाही, योग्य डिस्क घाला.
आता योग्य कुठली आणायची?

खाली पायरीवर आक्काताई व्हरकट.
पिशवीत पासबुक, दोन झेरॉक्स, कालची भाकरी.
अठ्ठावीस वर्षं विड्या वळल्या तिनं,
त्यातली सात कागदावर दिसत नाहीत.
ती सात या डब्याच्या पोटात.
"उघडंना व्हय?" ती तिथूनच विचारते,
जणू मी कपाटाशी झटतोय.

दिवाणजीला जमतील ते उपाय केले.
प्लग काढला, लावला. कुशीवर थापटलं.
रॅमची पट्टी नातवाच्या खोडरबरानं घासली.
दर वेळी सीडी ड्राइव्हचा पिवळा दिवा लागायचा,
कर्र, कर्र, कर्र,
तीनदा घसा खाकरून गप्प,
लग्नात भाषणाला उठवलेल्या माणसागत.
मागोमाग तीच ओळ.

दुपारी चिकोडीहून ईरण्णा आला,
तोंडात बडीशेप, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.
झाकण काढलं
आणि आम्ही दोघंही शिंकलो.
आत तंबाखू.
वखार बंद होऊन नऊ वर्षं झाली,
पण पंख्यावर, तारांवर, भिंगावर
बोटभर तपकिरी गाळ.
आक्काताई कधी वर आली कळलं नाही.
चिमूट उचलून नाकाशी नेली:
"ह्यो आपल्याकडचा. गुजरातचा न्हवं."

ईरण्णानं राखाडी चपटी केबल बोटावर घेतली.
"नोड्री, एकाच पट्टीवर दोघं.
हार्डडिस्क मालक, सीडी गडी.
दोघंबी मालक म्हणाले की मशीन कुणाचंच ऐकत न्हाई."
"आन् दोघंबी गडी म्हणाले तर?"
"तरीबी न्हाई."
आक्काताईला हे पटलेलं दिसलं नाही.

पण पिना ठीक होत्या.
मग तो निळ्या पानात शिरला.
आतली बटणाएवढी बॅटरी मेली
की यंत्र आपल्या मूळ सवयीवर जातं, म्हणाला.
आधी हाक कुणाला मारायची, त्याची यादी होती:
पहिली सीडी, दुसरी फ्लॉपी, तिसरं नेटवर्क.
हार्डडिस्कचं नाव यादीतच नव्हतं.
आक्काताईनं माझ्याकडं पाहिलं.
मी पडद्याकडं.

नाव घातलं. तरी ड्राइव्ह कर्र कर्र करीतच होता.
"आत कायतरी अडकलंय."
बटण दाबलं, कप्पा येईना.
"तडीरी." बटणाखाली टाचणीएवढं भोक.
माझ्याकडं फक्त स्टेपलर.
आक्काताईनं अंबाड्यातला आकडा उपसला,
दातात धरून सरळ केला, दिला.
आत कुठंतरी ठक्क झालं
आणि कप्पा वेडावून दाखवल्यासारखा बाहेर आला.

सीडीवर मार्करनं, माझ्याच अक्षरात:
'बॅकअप. काढू नये.'
कुणी काढली नव्हती.

"बंतु!" ईरण्णा ओरडला.
पडद्यावर हिरवं कुरण, कोपऱ्यात तारीख:
एक जानेवारी, दोन हजार दोन.
मी ती वाचून दाखवली.
"मग आज मी कामावर हाय म्हणायची,"
आक्काताई म्हणाली, आणि खरंच
पदर खोचून घेतला.

सातही वर्षं सापडली.
आडनावात 'व्ह'च्या जागी नुसता 'व'.
"चालतंय," म्हणाली, "पगारबी तसाच यायचा,
कायतरी कमी."

ईरण्णा बॅटरीसाठी घड्याळाच्या दुकानात गेला.
ती वाकडा आकडा पुन्हा वाकवत बसली,
अंबाड्यात तो काही नीट बसेना.
मी तिच्या ओळीवर कर्सर ठेवून
मशीन बंद पडू नये म्हणून
मधूनमधून उंदीर हलवत राहिलो.
प्रिंटर चालतो का,
ते अजून कुणी विचारलं नव्हतं.