पाच दाणे

खरखर काढून टाकतो मॅडम, तन्मय म्हणाला,
फोटो लोण्यासारखा होईल.
झालाही. इतका, की
दोन वर्षांपूर्वीच्या त्या फोटोतले पाच दाणे,
मिठाच्या कणाहून बारीक, डावीकडे, वरच्या कोपऱ्यात,
पाचही लोण्यात गेले.
त्या बाई आता आम्हाला चिवडा आणून देतात, तिखट.
मी काही बोलले नाही. जुना फोटो, नवा फोटो
शेजारी शेजारी लावले.
अंबडला परत जाताना तो हेल्मेट विसरून गेला.

मंगळवारी त्याने धार वाढवून आणली.
आता दाणेच दाणे. जिथे नव्हते तिथेही,
वाळू उधळल्यासारखे.
एवढ्या बायकांना सुई टोचायची?
एवढ्या घरांत रात्रभर दिवा?

शरणपूर रोडवरची ही खोली कायम गार,
मशीनला उकाडा सोसत नाही.
मोहाडीच्या मथुराबाई गांगुर्डे कुडकुडत उभ्या.
"दाबता किती गं! चरकातला ऊस बरा."
जेवढं पातळ तेवढं स्पष्ट, मी म्हणते. श्वास धरा.
त्या धरतात.
मीही धरते, दर वेळी, उगाच.

पडदा उजळतो. पांढऱ्यावर पांढरं,
डिसेंबरात पहाटे गंगापूर धरणावर असतं तसं,
पाणी कुठे, काठ कुठे.
मान वळवून त्या विचारतात, "ही कुणाची वेल?"
तुमचीच, म्हणता म्हणता थांबते.
बोटांना त्यांच्या कात्रीचे घट्टे,
वीस हंगाम घडांचे मणी विरळलेले.
चिरलेला मणी त्यांना
शोधावा लागत नसणार.

तन्मयची तिसरी खेप काल रात्री आली.
धुकं एका थरात, कण दुसऱ्या थरात,
दोन्ही वेगळे चाळून मग पुन्हा एकत्र.
थोडी खरखर ठेवलीय, त्याने लिहिलंय, चालेल ना?
पाचही दाणे परत आले होते,
त्यातला एक स्वल्पविरामासारखा वाकडा,
इतका वाकडा आम्हाला कधी दिसलाच नव्हता.
खाली आणखी एक ओळ: हेल्मेट तिथेच आहे का?

मी मथुराबाईंचा फोटो त्या चाळणीतून काढते.
मोठा करते. काळ्याचं पांढरं करते, पांढऱ्याचं काळं.
पुन्हा पहिल्यापासून.
जे आहे किंवा नाही, ते सांगायचं डॉक्टरांनी, पाच वाजता.
त्या माझ्या तोंडाकडे बघतायत,
आणि तोंड लोण्यासारखं ठेवायला
मला अजून जमत नाही.
ब्लाउज घाला, म्हणते, गारठा आहे.
आणि मशीनला न विचारता
एसी दोन अंशांनी वाढवते.